विचारमंथनातला न बोलणारा विद्यार्थी

(अकादमीच्या शिक्षक कार्यशाळेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित पाठ)



मला दिलेला विषय असा आहे : प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्या मुलांची सर्जनशीलता गटातल्या विचारमंथनाने कशी वाढवता येईल. विषय संगणकाच्या वर्गातला आणि बोलावणे भाषेच्या अकादमीचे, म्हणून एकदोन मित्रांनी मला विचारलेही, की तुम्ही तिथे नेमके काय सांगणार? पण वर्गात गट पाडून मुलांना बोलायला लावले की काय होते हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हा प्रश्न भाषेचाच आहे हे पटायला वेळ लागणार नाही.

आपल्या गोव्यात मुलाचा शिक्षणाचा रस्ता कसा जातो ते आपण जाणताच. सत्तरी, पेडणे, डिचोलीकडच्या गावांतली पुष्कळ मुले चौथीपर्यंत मराठी किंवा कोकणी माध्यमात शिकतात आणि पाचवीला इंग्रजीत जातात. पाढे मराठीत पाठ, बीजगणित इंग्रजीत. अशी मुले पुढे माझ्यासमोर संगणकाच्या वर्गात येऊन बसतात. त्यांच्याशेजारी शहरातल्या इंग्रजी शाळेतून आलेली मुले असतात. पाच जणांचा गट केला, एक प्रश्न दिला आणि 'सुचेल ते बोला' म्हटले, की दोन मुले बोलतात, एक मान डोलावतो आणि उरलेली दोघे वहीच्या कडेला नक्षी काढत बसतात. वीस मिनिटांनी गटाचा म्हणून जो कागद माझ्याकडे येतो तो त्या दोन मुलांचा असतो. यात बुद्धीचा वाटा किती आणि तोंडात तयार असलेल्या इंग्रजीचा किती, हे त्या कागदावरून ओळखता येत नाही. पण शेरा मात्र आपण देऊन मोकळे होतो, की अमुक मुलगी 'पार्टिसिपेट' करत नाही. हा शेरा त्या मुलीबरोबर थेट नोकरीच्या मुलाखतीपर्यंत जातो.

आता हे विचारमंथन आले कुठून ते थोडक्यात सांगते, कारण पुढचा सगळा घोळ मुळातच आहे. ॲलेक्स ऑसबर्न हा अमेरिकेतल्या एका मोठ्या जाहिरात संस्थेचा भागीदार. १९४८ साली त्याने एका पुस्तकात ब्रेनस्टॉर्मिंगची पद्धत मांडली आणि १९५३ च्या 'अप्लाइड इमॅजिनेशन' या पुस्तकात ती सविस्तर सांगितली. नियम चार. कुणाच्याही कल्पनेवर त्या वेळी टीका करायची नाही. कल्पना जितकी अचाट तितकी चांगली. कल्पना पुष्कळ हव्यात, दर्जाचे नंतर पाहू. आणि दुसऱ्याच्या कल्पनेत भर घालायची, दोन कल्पना जोडायच्या. ऑसबर्नच्या डोक्यात चित्र होते ते हल्ल्याचे. सैनिकांच्या तुकडीने ठाण्यावर तुटून पडावे तसे सगळ्यांनी मिळून प्रश्नावर तुटून पडायचे.

मराठीत आपण त्याला विचारमंथन म्हटले आणि चित्र पार बदलून टाकले. मंथनाला घाई नसते. दोन बाजूंनी दोरी ओढावी लागते, खाली रवीला आधार लागतो, आणि पुराणातल्या मंथनात रत्नांच्या आधी हलाहल वर आले होते. मला विचाराल तर आपला शब्द मूळ शब्दापेक्षा खरा आहे. गंमत अशी, की शब्द मंथनाचा घेऊन वर्गात आपण करतो तो मात्र हल्लाच.

हल्ल्याचा हिशेब लवकरच तपासला गेला. १९५८ साली येल विद्यापीठात टेलर, बेरी आणि ब्लॉक या तिघांनी विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. काही विद्यार्थ्यांना चौघाचौघांच्या गटात बसवले, काहींना एकेकटे. नंतर एकेकट्यांच्या याद्या चार-चार करून एकत्र केल्या, सारख्या कल्पना एकदाच मोजल्या आणि खऱ्या गटांशी तुलना केली. एकत्र बसलेल्या गटांपेक्षा एकेकटे बसलेल्यांच्या बेरजेत जवळजवळ दुप्पट कल्पना निघाल्या. असे का व्हावे, याचा शोध पुढे बरीच वर्षे चालला. १९८७ साली जर्मनीत डील आणि स्ट्रोब यांनी सर्वांत मोठे कारण दाखवून दिले, आणि ते अगदी घरगुती आहे : एका वेळी एकच माणूस बोलू शकतो. बाकीचे आपली पाळी येईपर्यंत थांबतात. थांबताना सुचलेले लक्षात ठेवायचे, की दुसऱ्याचे ऐकायचे, की नवे सुचू द्यायचे? तिन्ही एकदम होत नाही. लाजाळूपणा, कामचुकारपणा ही कारणे आहेतच, पण या थांबण्यापुढे ती किरकोळ ठरली.

त्यात आपल्या मुलांचे आणखी एक थांबणे मिळवा. सुचलेले मराठीत असते, ते मनातल्या मनात इंग्रजीत करायचे, व्याकरण तपासायचे, कुणी हसणार नाही ना ते पाहायचे आणि मग हात वर करायचा. तोवर गट दोन पावले पुढे गेलेला असतो.

यावर औषध जुनेच आहे. १९६८ साली बर्न्ड रोरबाख या जर्मन गृहस्थाने तोंडाऐवजी कागदाने विचारमंथन करण्याची पद्धत मांडली. सहा जण, प्रत्येकी तीन कल्पना, पाच मिनिटे. पाच मिनिटे झाली की कागद शेजाऱ्याकडे द्यायचा. त्याने वरच्या तीन कल्पना वाचायच्या आणि खाली आपल्या तीन लिहायच्या. कागद सहाही जणांकडून फिरला की अर्ध्या तासात एकशे आठ नोंदी होतात. माझ्या वर्गात मी ती थोडी बदलून वापरते. गट पाचांचा, कल्पना दोनच, आणि भाषेची अट नाही. मराठी, कोकणी, इंग्रजी, रोमी लिपीतली कोकणी, नुसते चित्र, बाण, काहीही चालेल. कागद फिरत असताना बोलायचे नाही. मोबाईल पिशवीत. या शेवटच्या अटीला हल्ली विरोध होतो. मुले म्हणतात, मॅडम, एआयला विचारले तर दोन मिनिटांत वीस कल्पना मिळतात. मिळतात, पण सगळे गट त्याच यंत्राला विचारतात आणि सगळ्यांचे कागद एकमेकांची भावंडे होऊन येतात. यंत्राला जरूर विचारा, पण कागद फिरून झाल्यावर.

आता एक प्रश्न सविस्तर सांगते. तो संगणक न शिकलेल्यांनाही कळेल, किंबहुना तुम्हालाच जास्त कळेल. दिलेला मराठी शब्द उलटसुलट सारखाच वाचला जातो का, हे सांगणारा प्रोग्रॅम लिहा. विलोमपद ओळखायचे. इंग्रजीसाठी हा प्रोग्रॅम पहिल्याच सहामाहीत शिकवतात : शब्द उलटा करा आणि मूळ शब्दाशी ताडून पाहा. दोन ओळींचे काम. मुले तेच करतात आणि 'नयन' घालून बघतात. बरोबर. 'कनक', 'सरस', 'जलज', सगळे बरोबर. पाच मिनिटांत हात वर होतात, मॅडम, झाले.

मग मी फळ्यावर 'नवजीवन' लिहिते. कुणीही वाचून सांगेल : न, व, जी, व, न. उलटसुलट एकच. संगणक म्हणतो, नाही. कारण युनिकोडमध्ये 'जी' हे एक चिन्ह नाही. 'ज' वेगळा आणि दीर्घ वेलांटी वेगळी. आपल्याला पाच अक्षरे दिसतात, यंत्राला सहा चिन्हे. ती उलटी केली की वेलांटी 'ज' वरून उडून 'व' वर बसते आणि 'नवीजवन' असे काहीतरी तयार होते. 'मध्यम' चे तेच. 'डालडा' उलटा केला तर सुरुवातीलाच एक अनाथ काना येतो, ठिपक्यांच्या वर्तुळाला टेकून उभा.

इथे कागद फिरवायला सुरुवात करते. एकदा कागदावर एका मुलीने मराठीत लिहिले होते : 'ज्याला स्वतःचे घर नाही त्याला शेजाऱ्याकडे ठेवा, मग माळ उलटी करा.' पुढच्या मुलाने खाली कोकणीत भर घातली, की काना-मात्रा आधीच्या अक्षराकडे राहतील, पण जोडाक्षराचे काय? तिसऱ्याने लिहिले, पाय मोडलेल्या अक्षराने पुढच्याचा हात धरायचा. चौथा मुलगा इंग्रजी शाळेतला. त्याने या तिन्ही ओळी वाचून व्यवस्थित पायऱ्या लिहून काढल्या : डावीकडून एकेक चिन्ह घ्या. ते स्वरचिन्ह, अनुस्वार, विसर्ग किंवा हलन्त असेल तर आधीच्या गटात टाका. आधीचा गट हलन्ताने संपत असेल तर पुढचे व्यंजनही त्याच गटात. नाहीतर नवा गट सुरू करा. शेवटी गटांची माळ उलटी करून ताडून पाहा. ही पद्धत बरोबर आहे. अक्षर म्हणजे काय याची जी व्याख्या लिपीशास्त्राच्या पुस्तकात सापडेल, तिच्या अगदी जवळची व्याख्या चौघांनी मिळून अर्ध्या तासात केली होती, आणि तिचे बीज जिने लिहिले ती मुलगी तोवर वर्गात कधी बोललेली नव्हती. तोंडी चर्चा असती तर 'घर नसलेले चिन्ह' याला इंग्रजीत काय म्हणावे, यावरच ती अडली असती.

ऑसबर्नचा चौथा नियम, दुसऱ्याच्या कल्पनेत भर घालण्याचा, कागदावर खरोखर पाळला जातो हे इथे दिसते. बोलताना आपण दुसऱ्याच्या कल्पनेत भर घालत नसतो, ती संपायची वाट पाहत असतो.

मात्र त्याच्या पहिल्या नियमाशी, टीका नको या नियमाशी, प्रोग्रॅमिंगचे नाते अवघड आहे. जाहिरातीच्या घोषवाक्यात चूक नसते, फार तर ते फिके पडते. प्रोग्रॅम चुकतो. चूक शोधणे हे या विद्येचे अर्धे अंग आहे. म्हणून टीकेला मी बंदी घालत नाही, तिला वेगळी वेळ देते. कल्पनांचा कागद मिटला की दुसरा कोरा कागद फिरतो, त्यावर एकच प्रश्न : हा प्रोग्रॅम कोणत्या शब्दाने मोडेल? माझ्या अनुभवात गटाची खरी ताकद या दुसऱ्या कागदावर दिसते. उत्तर एकट्यालाही सुचते, पण ते कुठे कुठे मोडेल हे पाहायला वेगवेगळ्या घरांतली, वेगवेगळ्या कानांची माणसे लागतात.

एका मुलाने लिहिले, 'लाल'. मी वाचले आणि थांबले. पहिला, दोन ओळींचा प्रोग्रॅम 'लाल' ला विलोमपद म्हणतो : ल, काना, ल, उलटेही तेच. नवा, अक्षरांचा प्रोग्रॅम म्हणतो नाही, कारण 'ला' आणि 'ल' ही वेगळी अक्षरे. वर्गाने एकमताने सांगितले की नवा बरोबर, जुना चूक. तेव्हा मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "पण मॅडम, लाल उलटा म्हणून बघा. कानाला तो लालच." आणि खरेच आहे ते. शेवटचा 'अ' आपण उच्चारतच नाही. लिपीने पाहिले तर विलोम नाही, ध्वनीने ऐकले तर आहे. मग प्रोग्रॅमने कुणाचे ऐकायचे, डोळ्याचे की कानाचे?

दुसऱ्या गटातून 'चिमा काय कामाची' आले, लहानपणी आपण सगळेच म्हणत आलो ते. आता मधल्या मोकळ्या जागा काढल्या तरी पहिली 'चि' ऱ्हस्व आणि शेवटची 'ची' दीर्घ. आपल्या शुद्धलेखनाच्या नियमाने ती तशीच हवीत. प्रोग्रॅम नाही म्हणतो, आजी हो म्हणते. कुणी 'तऱ्हा' काढली : तो अर्धा 'र' दोन वेगवेगळ्या पद्धतींनी टंकता येतो, पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात आणि यंत्र त्यांना दोन वेगळे शब्द समजते. हे सगळे मुलांच्या कागदांवरून आले. मी फळ्यावर लिहून घेत होते.

त्या तासाला प्रोग्रॅम पुरा झाला नाही. पुढच्या तासाला एका गटाने वापरणाऱ्यालाच आधी विचारणारा प्रोग्रॅम केला, की ऱ्हस्व-दीर्घ एक धरू का? दुसऱ्या गटाने ध्वनीचा वेगळा प्रोग्रॅम लिहायला घेतला आणि शेवटचा 'अ' कधी गळतो याच्या नियमांत तो गट अडकला. मला ते अडकणे फार मोलाचे वाटले. सर्जनशीलता म्हणजे चमकदार उत्तर, अशी आपली समजूत असते. प्रोग्रॅमिंगमध्ये ती बहुतेक वेळा प्रश्नच नीट मांडण्यात असते.

बोलते करण्याचा दुसरा एक मार्ग मी आपल्या पेडण्याच्या मातीतून उचलला आहे. दशावताराच्या खेळात संवाद लिहिलेले नसतात. रंगपटात आख्यान ठरते, कोण कोणती भूमिका घेणार ते ठरते, आणि रंगमंचावर उभे राहून माणसे बोलू लागतात. चौकट बांधलेली, बोलणे मोकळे. एरवी चार शब्द न बोलणारा माणूस तोंडाला रंग लागला की राजासारखा बोलतो. म्हणून बोलायची पाळी येते तेव्हा मी गटात भूमिका वाटते. एकाने वापरणारा व्हायचे, ज्याला संगणकाचे काहीच कळत नाही. एकाने यंत्र व्हायचे, जे सांगितलेले अक्षरशः पाळते, एक पाऊलही स्वतःच्या बुद्धीने टाकत नाही. आणि एकाने फक्त मोडायचे. या मोडणाऱ्याला मुलांनी नाव ठेवले संकासुर, आख्यानाआधी येऊन वेद पळवणारा तो. 'आज संकासुर कोण?' असे आता तासाच्या सुरुवातीला विचारले जाते. भूमिका दर आठवड्याला बदलते, हे महत्त्वाचे. नाहीतर संकासुराचा रंग एकाच मुलाला चिकटतो आणि तो वर्गाचा कायमचा खोडसाळ ठरतो.

आपल्यापैकी काहींच्या मनात आक्षेप असेल, की परीक्षा इंग्रजीत, मुलाखती इंग्रजीत, मग कागद मराठीत कशाला? मुलांचे इंग्रजी कच्चे राहील. हा आक्षेप मी हलका मानत नाही, पालक तोच मांडतात आणि त्यांची काळजी खरी असते. पण प्रोग्रॅमिंगच्या भाषेतले इंग्रजी किती, ते एकदा मोजून पाहावे. सी भाषेच्या १९८९ च्या प्रमाणित रूपात आरक्षित शब्द आहेत बत्तीस. जर, नाहीतर, जोवर, परत जा, अशा धाटणीचे. पायथॉनमध्ये आज पस्तीस. व्हेरिएबलची नावे तर पायथॉनच्या तिसऱ्या आवृत्तीपासून देवनागरीतही देता येतात. बत्तीस शब्द कुणीही आठवड्यात पाठ करील. अवघड आहे ते त्या शब्दांत घालायचा विचार, आणि तो ज्या भाषेत लवकर येतो त्या भाषेत आधी येऊ द्यावा, एवढेच माझे म्हणणे. तास संपण्याआधी प्रत्येक गटाने आपल्या पायऱ्या इंग्रजीत लिहून द्यायच्या असतात, त्यात मी सवलत देत नाही. आणि ते इंग्रजी पूर्वीपेक्षा बरे येते, कारण काय सांगायचे आहे हे तोवर ठरलेले असते.

शाळांतही आता सरकारी योजनेतून कोडिंग शिकवले जाते. तिथल्या शिक्षकांना मी इतकेच सुचवीन, की या खेळाला संगणक लागत नाही. चाळीस मुले, आठ गट, आठ कागद आणि घड्याळ. पाच मिनिटे लहानांना जास्त होतात, तीन पुरतात. कागदावर नाव लिहायला लावू नका. अक्षर ओळखू येते म्हणून कुणी बिचकत असेल तर कागद एकदा गटाबाहेर, दुसऱ्या गटाकडे फिरवा. प्रश्न मात्र असा निवडा ज्यात मुलांना घरून काही आणता येईल : बसच्या वेळा, काजूचे वजन, जत्रेतल्या दुकानांची मांडणी, शब्दांचे खेळ. प्रश्नच परका असला तर कोरा कागद कोराच फिरून येतो.

अकादमीकडे एक मागणे आहे. या कागदांवर मुले शब्द घडवतात. बिनघरी चिन्ह, हात धरणारे अक्षर, माळ उलटी करणे. वारंवार फिरणाऱ्या लूपला एकाने 'पालखी' म्हटले, कारण ती दारोदार थांबते आणि देवळात परत येते. एकाने चुकून कधीच न थांबणाऱ्या लूपला 'वाट चुकलेली पालखी' म्हटले. परिभाषा कोशातले शब्द समिती घडवते, ते वर्गात पोचेपर्यंत जुने होतात. हे शब्द वर्गातच जन्मतात आणि सहामाही संपली की रद्दीत जातात. ते जमा करण्याची काही व्यवस्था अकादमीने करावी, शिक्षकांना एखादी वही द्यावी, वर्षातून एकदा ती मागवून घ्यावी. त्यातले किती टिकतील ते नंतर पाहू. निवड करण्याची घाई इथेही नको.

गेल्या दोन वर्षांतले काही कागद मी बरोबर आणले आहेत. बाजूच्या टेबलावर ठेवते. चहाच्या वेळी पाहा, आणि 'लाल' विषयी तुमचे मत काय ते मला जरूर सांगा, कारण त्या वर्गात तो वाद अजून चालू आहे.